कपाटातलं सर्टिफिकेट आणि रिफंडवाला

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय (ऑगस्ट २०२५ चं, खालचे आकडे, फॉर्म, नियम आणि तारखा सगळं तेव्हाचं). लांब आहे म्हणून थोडक्यात देते. प्रायव्हेट कंपनीत नोकरी, वर्षाचा पगार १२ लाख ६० हजार. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. २०२३ मधे सिव्हिल हॉस्पिटलमधून त्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं, ५५ टक्के लिहिलंय, पण सासूबाई म्हणाल्या पोराच्या नावाला हे कायमचं चिकटेल, कुणाला दाखवू नका, तेव्हापासून ते कपाटात आहे. ऑफिसमधे कुणालाच माहीत नाही. गेल्या वर्षी एप्रिलमधे एचआरचं मेल आलं की टॅक्सची जुनी रिजीम हवी की नवी (जुनीत सुटी मागता येतात, नवीत दर कमी पण बहुतेक सुटी नाहीत), त्याला उत्तर दिलं नाही. जानेवारीत प्रूफं मागितली, तीही दिली नाहीत, कारण त्यात मुलाचा कागद लावावा लागला असता. मग नव्या रिजीमने ८०,८६० रुपये टीडीएस, म्हणजे पगारातूनच टॅक्स, कापला गेला. आता एचआर म्हणतं मुदत संपली, काही होणार नाही. मिस्टरांच्या कंपनीत एक रिफंडवाला येतो, चाळीस-पन्नास जणांची रिटर्नं भरतो, तो म्हणतो ६२ हजार काढून देतो, दहा टक्के माझे. गेल्या वर्षी मिस्टरांचं त्यानेच भरलं, ४१ हजार आले. ताई विचारतात, "रिटर्नला कागद जोडायचाच नसतो तर बघतंय कोण असं हे म्हणतात. सगळेच करतात तर मीच का घाबरते? आणि माझं खरं जे आहे ते खरंच गेलं का?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता विचारलाय आणि खरं पत्र त्याच्यासाठीच आहे असं मला वाटतं. नाही, गेलेलं नाही. आज ऑगस्ट २०२५ चा शेवट आहे, तुमच्याकडे १५ सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. यंदा ३१ जुलैची तारीख पुढे ढकललीय हे तुमचं नशीब समजा.

आता एचआरने असं का सांगितलं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी स्वतः बावीस वर्षं पगाराच्या टेबलवर काढली आणि फेब्रुवारीत धापा टाकत प्रूफं घेऊन आलेल्या कितीतरी लोकांना मीच सांगितलंय की "आता काही होणार नाही." माझ्या मनात असायचं की आता *माझ्याकडून* काही होणार नाही, मार्चचा पगार लॉक झाला, टीडीएसचा हिशोब बसवला, परत उघडत नाही. समोरचा माणूस ऐकायचा की कायद्यानेच काही होणार नाही. त्यातले किती जण घरी जाऊन गप्प बसले असतील कुणास ठाऊक, आज वाईट वाटतं. कंपनीला तुम्ही फॉर्म १२बीबी आणि प्रूफं देता ती कशासाठी, तर टीडीएस किती कापायचा हे कंपनीने ठरवावं म्हणून. जानेवारीची तारीख कंपनीने स्वतःच्या सोयीने ठेवलेली असते, कायद्यात ती कुठेही नाही. तुमचा टॅक्स किती हे शेवटी तुमच्या रिटर्नमधे ठरतं. कंपनीने नवी रिजीम धरून कापला असला तरी पगारदार माणूस रिटर्न भरताना जुनी निवडू शकतो, डिडक्शन घेऊ शकतो आणि जास्तीचा कापलेला परत मागू शकतो. फॉर्म १६ मधे (कंपनी देते तो पगार आणि टीडीएसचा दाखला) नवी रिजीम दिसते म्हणून घाबरायचं नाही.

फक्त एक अट आहे आणि ती मात्र खरी तारीख आहे. जुनी रिजीम हवी असेल तर रिटर्न मुदतीच्या आत गेलं पाहिजे. १५ सप्टेंबरनंतर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फी भरून रिटर्न भरता येतं, तुमच्या पगाराला ५,००० फी, पण त्या रिटर्नमधे जुनी रिजीम मिळत नाही, म्हणजे ८०सी (पीएफ, एलआयसीसारख्या बचतीवरची सूट) नाही, घरभाडं नाही, मुलाचं काही नाही.

आणि रिटर्न "गेलं" म्हणजे काय यात पण लोक फसतात. माझ्या मेहुण्याचं सांगते. गेल्या वर्षी २९ जुलैला त्याने रिटर्न अपलोड केलं, दोन दिवस आधी केलं म्हणून घरात मिरवला, आणि ई-व्हेरिफाय करायचं विसरला. आधारच्या ओटीपीचं दोन मिनिटांचं काम. सप्टेंबरमधे गणपती झाल्यावर रिफंड का येत नाही म्हणून बघायला गेला तर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-व्हेरिफिकेशन पेंडिंग, मग तेव्हा केलं. नियम असा की अपलोड केल्यापासून ३० दिवसांत व्हेरिफाय केलं तर अपलोडची तारीख धरतात, ३० दिवस उलटले तर ज्या दिवशी व्हेरिफाय कराल ती रिटर्नची तारीख. म्हणजे त्याचं रिटर्न सप्टेंबरचं झालं, उशिराचं झालं, लेट फी लागली आणि जुनी रिजीम हातची गेली. होम लोनचं व्याज होतं बिचाऱ्याचं. तेव्हा ताई, सबमिट केल्यावर त्याच खुर्चीत बसून ओटीपी टाकायचा आणि मगच उठायचं.

अजून एक खाचखळगा. रिटर्नच्या फॉर्ममधे प्रश्न विचारलेला असतो तो उलटा आहे. तो जुनी हवी का असं विचारत नाही, नव्या रिजीममधून *बाहेर पडायचंय का* असं विचारतो आणि आधीच "नो" भरलेलं असतं. तुम्हाला जुनी हवी म्हणजे "येस" करायचं. किती लोकांनी मला सांगितलंय की सगळं भरलं पण डिडक्शनचे रकानेच उघडत नाहीत, कारण हेच.

आता जुनी घ्यावी की नाही हा हिशोब, २०२४-२५ या वर्षाचा. तुम्ही आकडे सोबत पाठवलेत ते बरं केलंत. बेसिक महिन्याला ५०,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) २०,०००, भाडं १८,०००. भाड्याची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात कमी जो असेल तो, एक मिळालेला एचआरए म्हणजे २,४०,०००, दुसरा बेसिकच्या ४० टक्के म्हणजे तोही २,४०,०००, आणि तिसरा भाड्यातून बेसिकचे दहा टक्के वजा, म्हणजे २,१६,००० वजा ६०,०००, झाले १,५६,०००. हा तुमचा. (या वर्षासाठी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला. पुण्याच्या लोकांना हे पटत नाही पण पुणेसुद्धा नाशिकच्याच ओळीत आहे.) मग स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी मधे पीएफ, एलआयसी, पीपीएफ मिळून दीड लाख भरतायत, घरच्या मेडिक्लेमचा हप्ता १८,०००, आईंच्या औषधांचे ३८,०००, आणि मुलासाठी ८०डीडी (घरातल्या अपंग व्यक्तीसाठीची सूट) चे ७५,०००. हे सगळं गेल्यावर उरतात ७,७०,५००. त्यावर जुन्या रिजीमने सेससकट टॅक्स ६९,२६४. कापलाय ८०,८६०. म्हणजे तुम्हाला परत मिळतील साधारण ११ हजार ६००.

६२ हजारांपुढे हे ११ हजार किरकोळ वाटतील हे मला कळतंय. पण आता एक गंमत बघा, मुलाचे ७५,००० काढून टाका आणि परत हिशोब करा. टॅक्स येतो ८४,८६४. नव्या रिजीमपेक्षा चार हजारांनी *जास्त*. म्हणजे तुमचं भाडं, एलआयसी, पीपीएफ, आईंची औषधं हे सगळं एकत्र करूनही जुनी रिजीम तुम्हाला परवडत नाही, ती परवडते फक्त त्या कपाटातल्या कागदामुळे. तो लावायचा नसेल तर काहीच करू नका, एचआरने कापलाय तसं नव्या रिजीममधेच रिटर्न भरा, बाकीच्या पावत्या गोळा करायची पण तसदी घेऊ नका. लावायचा असेल तर पुढचं नीट वाचा.

तुम्ही लिहिलंय "ऑफिसला कळू नये म्हणून मी हे सोडून दिलं". म्हणजे तुम्ही असं धरून चाललात की सूट हवी तर ऑफिसला सांगावंच लागेल. तसं नाहीये. उलट आता ऑफिसचा संबंधच संपलाय. रिटर्न तुम्ही आणि इन्कम टॅक्स खातं यांच्यामधलं असतं, तुमच्या रिटर्नमधे काय लिहिलं हे तुमच्या एचआरला दिसत नाही, शेजारच्या टेबलाला तर नाहीच. ज्या बाईला (किंवा पुरुषाला, मला पुरुषांचीही अशी पत्रं येतात) घरातलं आजारपण, अपंगत्व ऑफिसात सांगायचं नाहीये तिने जानेवारीत ते प्रूफ मुद्दामच देऊ नये, थोडा टीडीएस जास्त कापू द्यावा आणि रिटर्नमधे मागून घ्यावा. चार-सहा महिने पैसे अडकतात एवढंच.

आता तो कागद. ८०डीडी ची सूट ठरावीक आहे, ४० टक्क्यांपासून पुढे ७५,०००, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. मुलावर उपचार, ट्रेनिंग, थेरपी यावर खर्च झालेला पाहिजे पण किती झाला याच्याशी सूट बांधलेली नाही, २०,००० झाला तरी ७५,००० आणि दोन लाख झाला तरी ७५,०००. पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि एकापेक्षा जास्त प्रकारचं अपंगत्व यांना एक वेगळा कागद लागतो, फॉर्म १०-आयए. तुमचं २०२३ चं सर्टिफिकेट बहुतेक यूडीआयडी (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) कार्डाच्या नमुन्यातलं असणार, ते खरंच आहे, चालू आहे, पण तो १०-आयए नाही. १०-आयए वर सही चालते ती सिव्हिल सर्जनची, सरकारी हॉस्पिटलच्या चीफ मेडिकल ऑफिसरची, किंवा न्यूरॉलॉजीत एमडी केलेल्या डॉक्टरची, मुलांसाठी पीडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्टची. तुमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांची किंवा थेरपिस्ट मॅडमची नाही चालत, त्यांनी मुलाला कितीही जवळून बघितलेलं असो.

सर्टिफिकेट कपाटातून काढलंत की आधी खाली बघा, कायमचं आहे की परत तपासणीची तारीख दिलीय. तारीख असेल तर ती ज्या वर्षात येते त्या वर्षापर्यंतच सूट मिळते, पुढे नवीन काढावं लागतं. मग १०-आयए चा नमुना प्रिंट काढून, जुनं सर्टिफिकेट, मुलाचं आधार, तुमचं आधार घेऊन सिव्हिलला जायचं. सही शिक्का झाला की स्कॅन करायचा. आणि इथे बरेच लोक थांबतात, कागद फाईलला लावतात आणि रिटर्नमधे नुसते ७५,००० टाकतात. तसं करू नका. पोर्टलवर ई-फाइल मधे इन्कम टॅक्स फॉर्म्स म्हणून आहे, तिथे १०-आयए ऑनलाइन भरून कागद अपलोड करायचा, सबमिट झाला की पावती नंबर येतो, तो नंबर आणि तारीख रिटर्नमधे ८०डीडी च्या तक्त्यात टाकायची, मुलाचा आधार नंबर पण तिथेच, यूडीआयडी असेल तर तोही. क्रम लक्षात ठेवा, आधी फॉर्म, मग रिटर्न. उलटं केलं तर तो रकाना रिकामा जातो आणि सूट उडवायला मशीनला तेवढं कारण पुरतं.

सासूबाईंबद्दल. त्यांना मी चूक म्हणणार नाही, त्यांच्या पिढीने गावात अशा पोराची काय चेष्टा होते ते डोळ्यांनी बघितलंय. पण "नावाला चिकटेल" म्हणजे नेमकं कुठे, हे एकदा शांतपणे त्यांना विचारा. हा फॉर्म कुठल्या बोर्डावर लागत नाही, शाळेला जात नाही, सोसायटीला जात नाही. पोर्टलवर तुमच्या लॉगिनमधे राहतो. आणि कपाटात ठेवून मुलाचं काही वाचत नाही, उलट ज्या गोष्टी त्याच कागदावर मिळतात त्या हुकतात. नॅशनल ट्रस्टची निरामय म्हणून आरोग्य विम्याची योजना आहे, ऑटिझम असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंतचं कव्हर, थेरपीलाही त्यातून पैसे मिळतात. ती घेतलीय का? पत्रात काही दिसलं नाही. अकरा हजारांसाठी घरात भांडण करू नका, तेवढ्यापुरतं ते नाहीच. पण निर्णय घेताना तुम्ही आणि मिस्टरांनी घ्या, सासूबाईंना सांगून घ्या, त्यांच्यावर सोडून देऊ नका.

बाकीचं पटकन. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर आहे म्हणून घरमालकाचा पॅन मागून ठेवा, भाडं तुमच्या खात्यातून जातंय ना ते बघा, भाडेकरार असू द्या. आईंची औषधं ८०डी (मेडिक्लेम आणि औषधोपचाराची सूट) मधे बसतात कारण त्या साठच्या वर आहेत आणि त्यांचा मेडिक्लेम नाहीये, मर्यादा ५०,०००, पण पैसे रोख दिलेले चालत नाहीत. तुम्ही मेडिकलवाल्याला यूपीआयने देता हे उत्तम, त्याच्याकडून बिलं मात्र घ्या, नुसता फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नाही. आणि सासूबाईंचा खर्च तुमच्या रिटर्नमधे घालू नका, ८०डी मधे स्वतःचे आईवडील येतात, सासूसासरे येत नाहीत. त्यांच्या औषधांचं मिस्टरांच्या रिटर्नमधे टाकायचं, तेही त्यांनी जुनी रिजीम घेतली आणि पैसे त्यांनी दिले असतील तरच.

तुम्ही गणपतीच्या वर्गणीची ५,००१ ची पावती पण पाठवलीत, ती बघून हसू आलं, माफ करा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे रजिस्टर आहे असं पावतीवर छापलंय, बरोबर आहे, पण त्याने ८०जी (देणगीवरची सूट) मिळत नाही. ८०जी ची मान्यता वेगळी, ती इन्कम टॅक्स खातं देतं, आणि अशी संस्था तुमच्या देणगीची माहिती खात्याला कळवून तुम्हाला फॉर्म १०बीई नावाचं सर्टिफिकेट देते. शिवाय २,००० च्या वर रोख दिलेलं चालतच नाही. मंडळाची पावती देवाच्या नावाने ठेवून द्या.

आता रिफंडवाला. मिस्टर म्हणतात कागद जोडायचा नसतो तर बघतंय कोण. पहिला अर्धा भाग खरा आहे, रिटर्नला पावत्या जोडायच्या नसतात. पण न जोडणं म्हणजे न लागणं नव्हे. खातं म्हणतं आत्ता तुमच्या शब्दावर घेतो, विचारलं की दाखवा. आणि यंदा तर शब्दावर पण घेत नाहीत म्हणायला हवं, रिटर्नमधेच ८०सी ला पॉलिसी नाहीतर खात्याचा नंबर, ८०डी ला विमा कंपनी आणि पॉलिसी नंबर, शैक्षणिक कर्जाला बँक आणि लोन अकाउंट नंबर, घरभाड्याला कामाचं ठिकाण, भाडं, बेसिक सगळं वेगवेगळं विचारलंय. रिफंडवाला हे रकाने कशाने भरणार?

तुमचे ६२ हजार तो कुठून आणणार ते मी तुम्हाला न बघता सांगते. टीडीएसच ८०,८६० आहे म्हणजे टॅक्स १९ हजारांवर आणायचा. मग ८०जीजीसी मधे एखाद्या पक्षाला देणगी, ८०डीडीबी मधे कुणाचा तरी कॅन्सर, ८०जीजी मधे परत भाडं. हे शेवटचं तर मूर्खपणाचं आहे, कारण ८०जीजी ज्यांना एचआरए मिळतच नाही त्यांच्यासाठी, तुमच्या फॉर्म १६ मधे एचआरए छापलेलाच आहे, आणि त्याला आधी फॉर्म १०बीए भरावा लागतो तो वेगळाच. ८०डीडीबी म्हणजे तर घरात कुणालातरी तो आजार आहे असं लिहून देणं, तज्ज्ञ डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय. ज्या घरात मुलाचं खरं अपंगत्व कागदावर यायला नको म्हणून दोन वर्षं कपाट बंद आहे त्या घराने न झालेला कॅन्सर लिहून द्यायचा, हे जरा विचित्र नाही का वाटत?

आणि बघतंय कोण याचं उत्तर पण आलंय. १४ जुलै २०२५ ला, म्हणजे दीड महिन्यापूर्वीच, खात्याने देशभर १५० ठिकाणी अशाच रिटर्न भरून देणाऱ्यांवर कारवाई केली, त्यात महाराष्ट्राचंही नाव होतं. त्याआधीच्या चार महिन्यांत साधारण ४०,००० लोकांनी आपण होऊन खोट्या सुटी मागे घेतल्या, १,०४५ कोटींच्या, हे खात्याने स्वतःच जाहीर केलंय. त्यातच एक गोष्ट होती जी मी पण ऐकून होते, ही माणसं रिटर्नं भरायला तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, म्हणजे नोटीस येते पण तुम्हाला दिसतच नाही. मिस्टरांना आज रात्री जेवण झाल्यावर स्वतःच्या पॅनने लॉगिन करायला सांगा. प्रोफाइलमधे ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते बघा. पासवर्डच माहीत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. मग गेल्या वर्षीचं रिटर्न डाउनलोड करून ४१ हजार कशाचे आले ते एकेक ओळ वाचा.

त्यात खोटं निघालं तर घाबरून गप्प बसू नका. गेल्या वर्षीचं रिटर्न रिव्हाइज करायची मुदत केव्हाच गेली, पण अपडेटेड रिटर्न, ज्याला आयटीआर-यू म्हणतात, ते भरता येतं. त्यात खोटी सूट काढायची, टॅक्स आणि व्याज भरायचं, आणि ३१ मार्च २०२६ च्या आत भरलं तर त्यावर वर २५ टक्के जादा. नंतर हा आकडा ५०, ६०, ७० टक्के असा चढत जातो. जास्त वाटतंय? खात्याने आधी पकडलं तर चुकीची माहिती दिली म्हणून टॅक्सच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. रिफंडवाला तेव्हा त्याचे दहा टक्के परत आणून देणार नाही, सही तुमची, पॅन तुमचा. आयटीआर-यू चा उलटा उपयोग मात्र नाही, त्यातून रिफंड वाढवून मागता येत नाही, म्हणून आपली खरी सूट राहिली असेल तर तिच्यासाठी तो मार्ग नाही. त्यासाठी मुदतीत जुन्या रिजीममधे रिटर्न भरलेलं असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत रिव्हाइज करून राहिलेली सूट घालता येते.

तुम्ही विचारलंत मीच का घाबरते. ताई, तुम्ही दोन उलट गोष्टींना एकाच वेळी घाबरताय, खरं मागायला पण आणि खोटं मागायला पण. दुसरी भीती राहू द्या, ती चांगली आहे. पहिलीचं कारण मला तरी सापडलं नाही.

हां, वाचणाऱ्यांमधे ज्यांची क्लासेसची, कन्सल्टिंगची, दुकानाची कमाई आहे त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नका. त्यांना जुनी रिजीम हवी तर रिटर्नमधे नुसतं येस करून चालत नाही, मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो, आणि दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत, एकदा जुनीत जाऊन परत नवीत आलात की पुढे धंदा चालू असेपर्यंत दार बंद. पगारदारांना हा फॉर्म नाही, ते दरवर्षी बदलू शकतात.

आणि बदलायलाच लागणार आहे. एप्रिल २०२५ पासून जे वर्ष सुरू झालंय, ज्याचं रिटर्न तुम्ही २०२६ मधे भराल, त्यात नव्या रिजीममधे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य आहे. तुमचा पगार एवढाच राहिला तर १२,६०,००० वजा ७५,०००, म्हणजे ११,८५,०००. शून्य. कागद नाही, भाडेकरार नाही, १०-आयए नाही. इन्क्रिमेंट होऊन पगार १२ लाख ७५ हजारांच्या वर गेला, किंवा एफडीचं व्याज मोठं असेल, तर परत हिशोब करावा लागेल, पण तसं नसेल तर या जानेवारीत एचआरचं मेल आलं की तुम्ही निवांत चहा प्या. म्हणजे हा सगळा खटाटोप फक्त एका गेलेल्या वर्षासाठी आहे, ११ हजार ६०० साठी. करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी असते तर केला असता, पण मला पावत्यांचा नादच आहे.

करायचं ठरलं तर या आठवड्यातच सिव्हिलला जा, सप्टेंबर उजाडायची वाट बघू नका, कारण सही करणारे साहेब रजेवर असले तर परत चक्कर पडते. सकाळी लवकर जा, केसपेपरची लाईन आधी लावा, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स घरूनच न्या, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. मुलाला नेलंच पाहिजे का ते आधी फोन करून विचारा, आणि न्यावं लागलं तर त्याचा हेडफोन विसरू नका, तिथे फार गोंगाट असतो.